नवा सायलेन्सर बसवला की पिकअपचं डिझेल वाचतं का?



आपल्यातल्या काही गटांनी कर्ज काढून पिकअप घेतली आहे. कुणाची भाजीपाल्यासाठी, कुणाची दुधाच्या कॅनसाठी, तर कुणाची पापड-मसाले तालुक्याला नेण्यासाठी. गाडी दारात आली त्या दिवशी हळद-कुंकू वाहून, नारळ फोडून आपण सगळ्यांनी फोटो काढले. महिनाअखेर डिझेलचं बिल आलं, तेव्हा मात्र फोटो कुणी काढला नाही!

हा लेख त्या बिलाबद्दल आहे.

गाडी असलेल्या गटाला कधी ना कधी हे ऐकायला मिळतंच: "ताई, हिचा एअर फिल्टर काढा, दुसरा भारीतला येतो तो टाका. मागचा सायलेन्सर काढून मोकळा पाइप लावू. गाडी छाती भरून श्वास घेईल. लिटरमागे दोन-तीन किलोमीटर सहज वाढतील." आम्हालाही एका गॅरेजवाल्याने हेच सांगितलं. खर्च सांगितला अठरा हजार. आमचा ड्रायव्हर म्हणजे गटातल्याच एका ताईंचा मुलगा. तो तर एका पायावर तयार. मासिक बैठकीत विषय आला, ठराव लिहायला मी वही उघडली, तेवढ्यात आमच्यातल्या एक वयस्कर मावशी म्हणाल्या, "आत्ता गाडी लिटरला किती पळते, ते तरी कुणी लिहून ठेवलंय का?"

कुणीच लिहिलं नव्हतं. ठराव तिथेच थांबला. बरं झालं थांबला.

इंजिन श्वास कसा घेतं

डिझेल जळायला हवा लागते, आणि ती किती लागते हे ऐकलं तर विश्वास बसणार नाही. एक लिटर डिझेल पूर्ण जाळायला कमीत कमी दहा हजार लिटर हवा लागते, म्हणजे दोनशे लिटरची पन्नास पिंपं भरतील एवढी. प्रत्यक्षात इंजिन त्याहून जास्तच हवा ओढतं. ही हवा बॉनेटखालच्या एका डब्यातून आत जाते. त्या डब्यात घड्या घातलेल्या कागदाचा एअर फिल्टर असतो, तो धूळ अडवतो. पुढे टर्बो नावाचा छोटा पंखा ही हवा दाबून इंजिनात भरतो. आत डिझेलचा फवारा उडतो, जाळ होतो, आणि धूर मागच्या पाइपातून सायलेन्सरमार्गे बाहेर पडतो.

आता गॅरेजवाला म्हणतो ते वरवर पटण्यासारखं आहे. नाक मोकळं असेल तर माणूस जास्त पळतो, तसं इंजिनाचंही असणार. आपल्या चुलीचंही तसंच आहे ना? धुराडं काजळीनं चोंदलं की चूल धुमसते, लाकूड जास्त जातं, डोळ्यांत पाणी येतं. धुराडं साफ केलं की जाळ नीट लागतो. पण साफ असलेलं धुराडं पाडून त्याच्या दुप्पट रुंद बांधलं, तर दहा भाकरीला लागणारं लाकूड निम्मं होईल का? नाही होणार. चोंदलेलं मोकळं करण्यात फायदा आहे. मोकळं आहे ते आणखी मोकळं करण्यात फार काही हाती लागत नाही. इंजिनाची गोष्ट एवढीच आहे.

डिझेल इंजिनाच्या बाबतीत आणखी एक मुद्दा आहे. पेट्रोलच्या गाडीत आपण पाय दाबतो तेव्हा हवेचं दार उघडतं. डिझेलच्या गाडीत असं होत नाही. तिथे हवा बहुतेक वेळ भरपूरच आत येत असते, आणि पाय दाबला की डिझेल वाढतं. म्हणजे साध्या वेगात हवा आधीच गरजेपेक्षा जास्त असते. त्यात आणखी हवा घातली म्हणून डिझेल कमी लागत नाही. मोठ्या फिल्टरचा आणि मोकळ्या पाइपाचा उपयोग होतो तो इंजिन पूर्ण जोर लावून, खूप वेगात फिरत असताना. शर्यतीच्या गाड्यांना म्हणूनच ते लावतात. आपली गाडी टोमॅटोचे क्रेट घेऊन ताशी पन्नासने बाजारला जाते. तिला शर्यत कुठे लावायची आहे?

पेट्रोल किंवा सीएनजीवरची छोटी गाडी असेल, तरी हिशेब फारसा बदलत नाही. तिथे आत किती हवा आली हे गाडीचा कॉम्प्युटर मोजतो आणि त्या बेताने इंधन सोडतो. अमेरिकेतल्या ओक रिज या सरकारी प्रयोगशाळेनं २००९ साली पेट्रोलच्या गाड्यांवर ही गोष्ट तपासली होती. कॉम्प्युटरवाल्या गाड्यांत फिल्टर मुद्दाम चोंदवला तरी अ‍ॅव्हरेजमध्ये म्हणावा असा फरक पडला नाही, गाडीचा जोर मात्र कमी झाला. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत नवा फिल्टर घातल्यावर दोन ते सहा टक्के फरक दिसला. चोंदलेला काढून स्वच्छ घातल्यावर एवढा, तर स्वच्छ काढून 'भारीतला' घातल्यावर किती मिळणार, ते तुम्हीच सांगा.

पैशाचा हिशेब

आता वही-पेन घ्या. समजा तुमची गाडी महिन्याला १५०० किलोमीटर पळते आणि लिटरला १२ किलोमीटर देते. म्हणजे १२५ लिटर डिझेल. लिटरचा भाव ९० रुपये धरला तर ११,२५० रुपये.

गॅरेजवाल्याचं खरं मानलं आणि गाडी लिटरला १५ देऊ लागली, तर डिझेल लागेल १०० लिटर. महिन्याला २,२५० रुपये वाचले, आठ महिन्यांत अठरा हजार वसूल. ऐकायला किती गोड! पण अगदी सढळ हातानं दोन टक्के फायदा धरला, तर महिन्याला अडीच लिटर, म्हणजे २२५ रुपये वाचतात. अठरा हजार भरून निघायला ८० महिने, म्हणजे साडेसहा वर्षांहून जास्त. हे अठरा हजार अंतर्गत कर्जातून घेतले असतील, तर त्यावरचं व्याजच या २२५ रुपयांना खाऊन टाकेल. शिवाय तेवढ्या पैशात एखाद्या ताईला शेळी घ्यायला कर्ज मिळालं असतं, ते राहिलंच.

धुळीचा प्रश्न वेगळाच. बाहेरचे महागडे फिल्टर बरेचदा तेल लावलेल्या कापडाचे असतात. हवा सोपी आत जावी म्हणून त्यांची जाळी सैल असते, आणि जिथून हवा सोपी जाते तिथून बारीक धूळही जाऊ शकते. डांबरी रस्त्यावर एक वेळ चालेल. आपल्याकडे मळणीचा भुस्सा, ऊसतोडीच्या वेळची फुफाट्याची वाट, वीटभट्टीची राख. ही धूळ आत गेली की इंजिन आतून घासत जातं. पुढे गाडी ऑइल खायला लागते, निळा धूर सोडते, आणि मग खर्च पन्नास-साठ हजारांच्या भाषेत सुरू होतो. त्या फिल्टरला तेल जास्त झालं तर ते हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसतं, तो आणखी एक ताप.

सायलेन्सर काढण्याआधी आरसी बघा

गाडीच्या आरसीवर नाव कुणाचं आहे? गटाचं, नाहीतर अध्यक्षताईंचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही. परवानगी नसलेला बदल केला, तर कलम १८२ अ प्रमाणे मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाज आणि धुराचे नियम मोडणारी गाडी रस्त्यावर आणली, तर कलम १९० खाली दहा हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पाइप बसवणाऱ्या गॅरेजवाल्याचं नाव आरसीवर नसतं, हे लक्षात असू द्या. माल वाहणारी गाडी आहे म्हटल्यावर फिटनेसलाही ती जाणारच आहे, तिथे हे उघडं पडतं. वॉरंटी शिल्लक असेल तर कंपनी हात वर करू शकते, आणि अपघात झाला तर विमा कंपनीला हरकत काढायला आयतं कारण मिळतं.

गाडी १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-सहा प्रकारातली असेल, तर जास्तच जपा. या गाड्यांच्या धुराच्या पाइपात नुसता आवाज कमी करणारा डबा नसतो. त्यात धूर शुद्ध करणारे भाग असतात, आणि बहुतेक डिझेल गाड्यांत काजळी धरून ठेवणारी जाळी असते. तिला डीपीएफ म्हणतात. जागोजागी सेन्सर असतात. यातलं काही काढलं की कॉम्प्युटरला कळतं, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि गाडी जोर धरेनाशी होते. मग तोच गॅरेजवाला म्हणतो, "कॉम्प्युटरमध्ये बदल करून देतो, त्याचे वेगळे पैसे." एकातून दुसरं निघत जातं. आणि ही जाळी जी काजळी धरते ती आपल्याच घरासमोर, बाजारात, शाळेच्या फाटकापाशी पडणार असते. डिझेलच्या धुरानं माणसाला कॅन्सर होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं २०१२ सालीच जाहीर केलं आहे. चुलीच्या धुरातून सुटायला आपण गॅस घेतला, आणि आता पैसे मोजून दुसरा धूर अंगणात आणायचा का?

ही जाळी चोंदते हे मात्र खरं आहे, आणि चोंदली की डिझेल जास्त जातं. पण का चोंदते? गाडी रोज दोन-तीन किलोमीटर डेअरीपर्यंत जाते, थांबते, परत येते. पाइप तापतच नाही. जाळीतली काजळी जळायला पाइप चांगला तापावा लागतो. म्हणून आठवड्यातून एकदा तरी गाडीची लांबची खेप लावा, पंधरा-वीस मिनिटं मोठ्या रस्त्यावर न थांबता चालेल अशी. दिवा लागलाच तर गाडीच्या पुस्तकात काय सांगितलंय ते बघून तसं करा. दिव्यावर काळी टेप चिकटवू नका. हसू नका, आमच्या ड्रायव्हरनं चिकटवली होती!

मग डिझेल जातं कुठे?

मावशींच्या त्या प्रश्नानंतर आम्ही महिनाभर वही ठेवली. टाकी फुल करायची, पंपाची बंदूक आपोआप बंद झाली की थांबायचं, मीटरचा आकडा लिहायचा. पुढच्या वेळी त्याच पंपावर पुन्हा टाकी फुल करायची. जितकं डिझेल आत गेलं, त्यानं मधल्या किलोमीटरला भागायचं. उदाहरणार्थ, ४०२ किलोमीटर झाले आणि ३४.६ लिटर बसलं, तर अ‍ॅव्हरेज ११.६. एका टाकीवर विश्वास ठेवू नका, तीन-चार टाक्यांची सरासरी काढा. घाटातली खेप आणि सपाटीची खेप सारखी नसते. "पाचशेचं टाक" म्हणून भरलेल्या डिझेलवरून कधीच काही कळत नाही.

आमच्या गाडीचं निघालं १०.४. पूर्वीच्या मालकानं तर १२ सांगितलं होतं. मग अठरा हजारांच्या किटऐवजी आम्ही दुसऱ्या एका जुन्याजाणत्या मिस्त्रीकडे गाडी नेली आणि "नवं काही बसवू नका, आहे त्यात काय बिघडलंय ते बघा" असं सांगितलं.

एअर फिल्टर उघडला, तर घड्यांमध्ये ज्वारीचा भुस्सा गच्च. तो टाकून कंपनीचाच नवा घातला. मग त्यानं इंजिन चालू ठेवून टर्बोकडून येणाऱ्या रबरी पाइपावर हात फिरवला. क्लिपेच्या खाली बोटभर चीर होती, वरून कुणीतरी चिकटपट्टी गुंडाळलेली. टर्बो दाबून पाठवतो ती हवा तिथूनच निसटत होती. चढाला गाडी फुसफुसायची आणि काळा धूर टाकायची ती त्यामुळेच. ड्रायव्हर म्हणायचा, "लोड आहे ना काकू, धूर येणारच." मागच्या एका चाकाचा ड्रम हात जवळ नेला तरी भाजेल इतका तापलेला, म्हणजे ब्रेक धरून राहिलेला. चारही चाकांत हवा कमी. पाइप, फिल्टर, ब्रेकचं काम सगळं मिळून त्या किटच्या चौथाईतही आलं नाही. पुढच्या चार टाक्यांची सरासरी आली ११.८. यातलं किती पाइपानं दिलं, किती ब्रेकनं आणि किती हवेनं, हे मला वेगळं करून सांगता येणार नाही, कारण सगळं एकदम केलं. तुम्ही केलंत तर एक-एक करा, म्हणजे कळेल.

धुराचा रंग ओळखायला शिका, त्याला पैसे पडत नाहीत. काळा धूर म्हणजे हवा कमी पडतेय किंवा डिझेल जास्त जातंय: चोंदलेला फिल्टर, फुटलेला पाइप, नाहीतर खराब झालेले इंजेक्टर. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. थंडीत सकाळी गाडी चालू करताना थोडा पांढरा धूर चालतो, पण गरम झाल्यावरही येत राहिला तर मिस्त्रीला दाखवा. सायलेन्सरचा पाइप दगडावर आपटून चेपला असेल किंवा जोडापाशी गळत असेल, तर तो जरूर दुरुस्त करा किंवा तसाच्या तसा नवा घाला. त्याला कायद्याची आडकाठी नाही.

एअर फिल्टरबद्दल एक सूचना. कागदी फिल्टर पाण्यानं धुऊ नका. ओला झाला की कागद फुगतो, फाटतो. काठीला किंवा दगडावर आपटूनही साफ करू नका. फुंकायचाच असेल तर हवेचा दाब कमी ठेवून आतून बाहेर फुंका, आणि सर्व्हिसिंगच्या पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरला बदला. आपले रस्ते धुळीचे, म्हणून सुगीत त्याआधीच बघावा लागतो. डबा बंद करताना क्लिपा नीट बसल्या का, हे स्वतः बघा. एक क्लिप उघडी राहिली की फिल्टर असून नसल्यासारखा.

टायरची हवा ही सगळ्यात स्वस्त गोष्ट, आणि तिच्याकडेच सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. अमेरिकी सरकारच्या आकडेवारीप्रमाणे सगळ्या चाकांत एक पॉइंट हवा कमी झाली, तर मोटारीचं अ‍ॅव्हरेज सुमारे ०.२ टक्के घटतं. दहा पॉइंट कमी असेल तर दोन टक्के. वर हिशेबात त्या किटला आपण जे दोन टक्के सढळ हातानं दिले, ते पंपावर पाच मिनिटं थांबूनही मिळतात. किती हवा भरायची ते दाराच्या कडेला किंवा पुस्तकात लिहिलेलं असतं. रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा असू शकतो. हवा गाडी थंड असताना तपासा.

आणि हो, ड्रायव्हर. सरकारी पेट्रोलियम संरक्षण संशोधन संस्था ताशी ४५ ते ५५ च्या वेगात गाडी चालवायला सांगते, ते उगाच नाही. वेग वाढला की समोरचा वारा कापायलाच डिझेल जातं. सुटलेली, फडफडणारी ताडपत्री त्यात भर घालते, तिची दोरी आवळा. बाजारात क्रेट उतरवेपर्यंत इंजिन चालूच ठेवायची सवय असते, त्यात तासाला अर्धा लिटर तरी जातं. रोज एक तास धरा, महिन्याला बारा-पंधरा लिटर. आमच्या मुलाला हे सांगितलं तेव्हा तो गप्प बसला. नंतर एकदा हसून कबूल केलं की त्याला अ‍ॅव्हरेज नकोच होतं, त्या पाइपाचा आवाज हवा होता. वयच तसं आहे. आम्ही ठराव केला तो वेगळा: दर महिन्याला मागच्यापेक्षा जितकं डिझेल वाचेल, त्या पैशातला चौथा हिस्सा त्याला. तेव्हापासून क्रेट उतरवताना इंजिन बंद असतं.

तरीही कुणी किट घेऊन आलाच आणि फारच आग्रह धरला, तर त्याला तीन गोष्टी विचारा. हा भाग या गाडीला बसवायला मान्यता असल्याचा कागद आहे का? पुण्याच्या एआरएआयसारख्या सरकारमान्य संस्थेकडून तपासून घेतल्याचं पत्र आहे का? आणि आमच्या वहीतलं अ‍ॅव्हरेज तीन महिन्यांत वाढलं नाही, तर पैसे परत देणार असं लिहून देणार का? आमच्याकडे आलेला गॅरेजवाला तिसऱ्या प्रश्नाला चहा न घेताच उठला.

पुढच्या बैठकीला गाडीवाल्या गटांनी वही घेऊन यावं. रकाने असे आखा: तारीख, मीटरचा आकडा, लिटर, रुपये, माल किती, खेप कुठली. अ‍ॅव्हरेज काढताना अडलं तर सचिवताईंना किंवा शाळेत जाणाऱ्या लेकीला बसवा. वही गाडीतच ठेवा, आणि पेन दोरीनं वहीलाच बांधा. आमची तीन हरवली.